फेरी येईपर्यंत

मडगावला जाताना थिवी गेलं की मी खिडकीशी सरकते. थोड्या वेळाने मांडवी येते, गाडीचा आवाज पोकळ होतो, मग जमीन लागते. भाताची खाचरं, साचलेलं पाणी, त्यात एका पायावर उभे बगळे. तेवढ्यात पुन्हा नदी, पुन्हा पोकळ आवाज, आणि पाठोपाठ करमळी. कित्येक वर्षं माझी समजूत अशी की नदीच वळसा घेऊन दोनदा आडवी येत असावी. मधली जमीन म्हणजे दिवाडी नावाचं बेट आहे, तिथे घरंदारं, चर्चं, दारूचे गुत्ते, पोस्ट सगळं आहे, आणि ज्या गाडीतून मी ते बघते ती गाडी तिथे थांबत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली. म्हणजे निदान वीस वर्षं मी त्या बेटावरून जात होते आणि तिथे एकदाही गेले नव्हते.

शेवटी एका नोव्हेंबरअखेरीला गेले. एकटीच, चार दिवसांसाठी, पाठीवर एक पिशवी आणि उजव्या गुडघ्याला पट्टा.

जुन्या गोव्यात त्या दिवसांत नोव्हेना सुरू होत्या. 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याआधीचे नऊ दिवस प्रार्थनांचे. रस्ताभर मेणबत्त्या, खाजं, चणे, प्लास्टिकची खेळणी, बसमधून उतरणारी घामेजलेली माणसं. त्यातून वाट काढत व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की उतार सरळ पाण्यात शिरतो. पोर्तुगालहून नवा व्हाइसरॉय आला की तो बोटीतून इथेच उतरायचा आणि या कमानीखालून शहरात जायचा. वर कोनाड्यात वास्को द गामा उभा आहे. मी उलट दिशेने चालले होते, शहराकडून पाण्याकडे. फेरीबोट लागलेलीच होती. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. स्कूटरी, एक टेम्पो, शाळेची मुलं आणि मी असे सगळे चढलो, लोखंडी फळी खडखडत वर उचलली गेली, आणि दहा मिनिटांच्या आत पलीकडे. मागे लाउडस्पीकरवर प्रार्थना सुरूच होती. इकडच्या काठावर मात्र एक म्हैस पाण्यात बसून ती ऐकत होती. बसली होती खास, ऐकत होती की नाही ते तिलाच ठाऊक.

उतरल्यावर रस्ता सरळ शेतांमधून जातो. सावली नाही. दोन्हीकडे कापणी झालेली खाचरं, भाताचे खुंट, मधे ओढ्यासारखं पाणी. समोर एक टेकडी, टेकडीवर पांढरं चर्च. बाकी गाव झाडांत.

मी उतरले ते घर पियेदादमध्ये, टेकडीच्या पायथ्याशी. घराच्या मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. गाव त्यांना आंटी म्हणतं, म्हणून मीही आंटीच म्हणू लागले. त्या मला बाय म्हणायच्या. मी मराठीत बोलायचे, त्या कोंकणीत, आणि आमचं छान चालायचं. फक्त भाज्यांच्या नावांवर अडायचं. पहिल्याच संध्याकाळी बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून मी विचारलं, की बेट पायी फिरायचं तर कुठून सुरुवात करू? त्यांनी गाडी ठरवून द्यायची तयारी दाखवली, मग भाच्याला बरोबर पाठवते म्हणाल्या. मी दोन्हीला नको म्हटलं. मला मार्गदर्शकासोबत चालता येत नाही. त्यात माणसाचा दोष नसतो, माझाच असतो. तो बोलत असला की मी त्याच्या तोंडाकडे बघते आणि समोरची भिंत बघायची राहून जाते. पुण्यात एकदा वारसा-फेरीत गेले होते, तिथून परतल्यावर मला दोनच गोष्टी आठवत होत्या, एक म्हणजे पुढच्या बाईंची छत्री आणि दुसरी शेवटचा चहा.

मग आंटींनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढून दिला. तीन टोकांना तीन फेऱ्या: एक जुन्या गोव्याची, एक रायबंदरची, एक नार्व्याची. मधे क्रूस, म्हणजे चर्च. एक मोठं झाड. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी. एका ठिकाणी फुली, तिथला कुत्रा वाईट. अंतरं कुठेच नाहीत, उत्तर कुठे तेही नाही. मी जरा वेळ बघितलं आणि विचारलं, यात रेल्वे कुठे आहे? बेटावरून तर रूळ जातात.

"ती आमची न्हय," त्या म्हणाल्या. "हांगा रावना."

इथे थांबत नाही, म्हणून नकाशात नाही. मला हे तर्कशास्त्र अगदी पटलं.

पहिल्या दिवशी टेकडी. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, आंटींनी दोन पोळ्या घेतल्या (इथली पोळी म्हणजे कोंड्याचा फुगीर पाव, आपली पोळी नव्हे), चहासोबत त्या संपवून मी चढायला लागले. चढ तसा किरकोळ आहे, पण माझ्या गुडघ्याला तो किरकोळ आहे हे कोणी सांगितलेलं नव्हतं. वर 'अवर लेडी ऑफ पायटी'चं चर्च. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि ते ज्याने उभारलं तो आंतोनियो जुआंव द फ्रियास गोव्याचाच धर्मगुरू होता. समोरून चर्च नुसतं मोठं वाटतं. त्याच्या अंगणात पाठ फिरवून उभं राहिलं की कळतं की जागा का निवडली असेल. खाली हिरवा-पिवळा सपाट पट्टा, त्यापलीकडे मांडवी, आणि पलीकडच्या काठावर झाडांतून डोकं काढणारे से कॅथेड्रल आणि सेंट कायतानचा घुमट. जुनं गोवं जवळून पाहिलं की चर्चांचं संग्रहालय वाटतं. इथून ते जे आहे तेच दिसतं: माणसं सोडून गेलेलं शहर. तापाच्या साथींनी ते रिकामं होत गेलं, शेवटी 1843 मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला. इमारती राहिल्या, घरं गेली.

चर्चच्या बाजूला दफनभूमी आहे. तिथल्या लहानशा चॅपेलचं छत कोरीव, जुनं, आणि ते कदंब राजांच्या काळातल्या देवळाचं असावं असं मानतात. दिवाडीवरचा गणपती आज या बेटावर नाही. तो माशेलजवळ खांडोळ्याला आहे, महागणपती म्हणून. देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलली आणि ठिकाणं बदलत बदलत ती खांडोळ्यापर्यंत पोचली. मी चॅपेलच्या दारात उभी राहिले. आत कोणाच्या तरी कबरीवर झेंडूची फुलं होती, ताजी. एक बाई झाडत होती, तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झाडू लागली. मीही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीची चाल फसली, आणि चार दिवसांतलं सगळ्यात जास्त मी त्याच दिवशी शिकले.

बेत असा होता की बेटावरच्या मळार गावाला जायचं, तिथलं सां मातियशचं चर्च बघायचं आणि नदीकाठच्या बांधावरून फिरत रायबंदरच्या फेरीपाशी निघायचं. आंटींच्या नकाशात बांध नव्हता. फोनच्या नकाशात होता, बारीक तुटक रेघ. मी फोनचं ऐकलं.

बांध म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर फजितीला अर्थ नाही. दिवाडीचा सगळा सपाट भाग खाजन आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीच्या खाली असलेली, पाण्यातून मिळवलेली शेतजमीन. मांडवी इथे नुसती नदी नाही, समुद्र तिच्यात दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. ते खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध. आणि बांधात जागोजागी मानस. मानस हे लाकडी झडपांचं दार आहे, आणि त्याची करामत अशी की ते उघडायला-मिटायला माणूस लागत नाही. भरती चढली की बाहेरचं पाणी झडपा आत दाबतं, दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं साचलेलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं, दार उघडतं. पावसाळ्यात वरून पडणारं पाणी जमिनीतला खारटपणा धुऊन नेतं आणि कोरगुट नावाचं खारं सोसणारं भात उभं राहतं. भात निघालं की आतल्या ओढ्यात, ज्याला इथे पोंय म्हणतात, कोळंबी आणि मासे. मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो आणि पैसा गावाच्या कामाला जातो. ही व्यवस्था पोर्तुगिजांच्या आधीची. गावकारी म्हणजे गावाची जमीन गावकऱ्यांनी मिळून सांभाळायची. 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या, म्हणजे दिवाडीसह या तालुक्यातल्या, या रूढी लिहून काढल्या, कारण त्या मोडून काढण्यापेक्षा चालू ठेवणं राजाला सोयीचं होतं. महसूल त्यातूनच येणार होता.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. त्यामुळे बांधावर चढताना मी मोठ्या जाणकारासारखी चढले. डावीकडे नदी, उजवीकडे शेत, आणि दोन्हींच्या पातळीत चांगला हात-दोन हातांचा फरक. उजवीकडची जमीन खाली. म्हणजे मी ज्यावर चालत होते ती चार फुटांची मातीची भिंत नसती तर हे सगळं पाणीच. खारफुटीच्या मुळांत खेकडे लपत होते. एक खंड्या दर वेळी माझ्या पुढच्या काठीवर जाऊन बसायचा, मी जवळ गेले की पुढची काठी. टिटवी ओरडून सगळ्या शिवाराला माझी बातमी देत होती.

अर्धा-पाऊण तास गेल्यावर बांध संपला. संपला म्हणजे फुटला होता. पाच-सहा हातांची खिंड, त्यातून नदीचं पाणी आत शिरत होतं, आणि पलीकडे बांध पुन्हा सुरू. फोन सांगत होता, सरळ जा. खिंडीच्या अलीकडे एक म्हातारे गृहस्थ गरी टाकून बसले होते. डोक्यावर टोपी, शेजारी डबा.

"बाय, फुडें वाट ना," ते नदीकडे बघतच म्हणाले.

पाणी किती आहे, मी विचारलं. गुडघाभर असेल तर जाईन.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "भरती आयल्या," म्हणाले.

पुढे त्यांच्याकडून कळलं ते असं की खेकडे बांध पोखरतात. भोक लहान असतं तोवर मूठभर चिखलाने बुजतं. पण त्यासाठी बांधावर रोज कोणीतरी चालायला पाहिजे. पूर्वी शेतावर जाणारी माणसं चालायचीच, जाता-येता भोक दिसलं की बुजवायची. आता शेत करणारे कमी, मुलं दुबईत, कुवेतमध्ये, बोटींवर. कोणी चालत नाही म्हणून भोक दिसत नाही. "चलपी ना," ते दोनदा म्हणाले. मी तिथे चालत आले होते, केवळ हौसेने, आणि येताना वाटेत दिसलेल्या खेकड्यांच्या बिळांचे फोटो काढले होते. बुजवायचं काही सुचलं नव्हतं.

तसंच मागे फिरले. ऊन डोक्यावर, पाणी संपलेलं, फोनची बॅटरीही उतरलेली. ते एक बरं झालं. परतताना त्याच बांधावरून, पण चढत्या भरतीतून चालताना एक मानस दिसली, जी जाताना मला दिसलीच नव्हती. झडपा घट्ट मिटलेल्या, फटींतून बारीक पाण्याच्या पिचकाऱ्या आणि लाकडाचा कुरकुर आवाज, कोणीतरी दाराला पाठ लावून बसावं तसा. मी तिथे बराच वेळ बसले. मळारचं चर्च त्या दिवशी राहिलं. नंतरही राहिलंच.

रात्री आंटींना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. कॅलेंडरचा कागद मागून घेतला आणि मळारच्या बाजूला नदीकाठी एक फुली काढली. कुत्र्यासारखीच.

मग बोलणं बोंडेरांवर गेलं, ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारचा इथला उत्सव. वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं व्हायची, म्हणून पोर्तुगिजांनी हद्दीवर निशाणं रोवायला लावली, आणि लोकांनी ती पाडायला सुरुवात केली. त्याचाच पुढे सण झाला. त्या दिवशी फेऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, आंटी दार लावून आत बसतात. पुलाचा विषय मीच काढला. बेटाला गाड्यांचा पूल नाही, व्हावा की नको यावर इथे खूप वर्षं वाद आहे. मला बाहेरच्या माणसाला वाटतं की पूल नसावा, कारण मला चार दिवस शांतता हवी असते. त्या म्हणाल्या की त्यांच्या यजमानांना रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलं होतं. पुढे काही बोलल्या नाहीत, आणि मी पुलाबद्दल माझं मत त्यानंतर कोणालाही सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नार्वे. पट्टा घट्ट बांधून निघाले तेव्हा आंटी दारापर्यंत आल्या. कुठे चाललीस विचारलं. मी सांगितलं, बेटावरचं जुनं नार्वे बघून फेरीने पलीकडच्या नार्व्याला, सप्तकोटेश्वराच्या देवळात. त्यांनी आत जाऊन वीस रुपयांची नोट आणली, चार घड्या घातलेली. "हें तेलाक," म्हणाल्या आणि आत गेल्या. गळ्यात क्रूस, भिंतीवर येशू, आणि सप्तकोटेश्वराच्या दिव्याला तेल. मी नोट पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

गावं मागे पडली, रस्ता रूळांखालून गेला. तेवढ्यात वरून गाडी गेलीच. खालून ती फार लांब वाटते आणि फार लवकर संपते. खिडक्यांत चेहरे होते, एकानेही खाली बघितलं नाही. बघून तरी काय, एक बाई रस्त्यात उभी.

जुन्या नार्व्यात देऊळ नाही. देवळाची जागा आहे आणि कोटितीर्थ नावाचं तळं आहे. जांभ्यात बांधलेलं, चहूकडे पायऱ्या, भिंतींत देवळ्यांची ओळ, आणि त्या सगळ्या रिकाम्या. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर आणि लेखांत 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं बिरुद येतं. बहामनी स्वारीत देऊळ पहिल्यांदा पडलं, लिंग शेताच्या बांधात लपवलं गेलं असं सांगतात. आदल्या दिवशी खाजनाचा बांध तुडवल्यावर ही गोष्ट एकदम खरी वाटायला लागते, कारण इथे काही लपवायचं तर दुसरी जागाच नाही. विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस देऊळ पुन्हा उभं केलं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडलं. त्यानंतर लिंग विहिरीच्या काठावर दोर ओढायला लावलं होतं अशीही आठवण आहे. तिथून ते गुपचूप नदीपार गेलं.

आपल्याकडून नार्व्याला जाणारे बहुतेक जण डिचोलीकडून गाडीने थेट देवळात जातात. शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला, हे एक वाक्य वाचतात, फोटो काढतात आणि मये तलावाकडे वळतात. मीही एकदा तसंच केलेलं आहे. तेव्हा मला प्रश्नच पडला नव्हता की देव इथे का आला. या वेळी बेटावरून चालत आले आणि रिकाम्या देवळ्यांसमोर बसून मग फेरीच्या धक्क्यावर गेले, तेव्हा समोरचा काठ दिसला. अगदी समोर. पलीकडच्या माणसाचा सदरा कोणत्या रंगाचा ते कळत होतं. एवढंच पाणी. पण तेव्हा अलीकडे पोर्तुगीज होते आणि पलीकडे नव्हते. पलीकडची डिचोली त्यांच्या हातात यायला अठरावं शतक उजाडलं. तोवर या एवढ्याशा पाण्याने दोन राज्यं वेगळी ठेवली होती. रात्री होडीत लिंग घालून वल्हवणाऱ्याला ते पाणी केवढं वाटलं असेल.

गोकुळाष्टमीला इथे तीर्थस्नानाची जत्रा भरते. देव पलीकडे गेला तरी माणसं स्नानाला याच पाण्यात उतरतात.

पलीकडे उतरून चढ चढलं की देऊळ. नुकतंच डागडुजी करून 2023 मध्ये पुन्हा खुलं केलेलं, त्यामुळे चुना अजून पांढरा. दीपमाळ, उतरतं कौलारू छप्पर, त्यावर घुमट. गर्भगृहातलं लिंग धारांचं आहे, गुळगुळीत नाही, त्यावर उभे पैलू आहेत. दारावरचा शिलालेख शके 1590चा, म्हणजे 13 नोव्हेंबर 1668: शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. मागच्या खेपेला मी या लेखाचाच फोटो काढला होता. या खेपेला लेख वाचला आणि मागे वळून पाहिलं, नदी दिसते का म्हणून. झाडी आड येत होती.

भटजींना वीस रुपये दिले, तेलासाठी. कोणाच्या नावाने, त्यांनी विचारलं. मला आंटींचं नाव माहीत नव्हतं. तीन दिवस मी त्यांच्या घरी जेवत होते. "दिवाडीहून दिलेत," एवढंच म्हटलं. त्यांना ते पुरेसं वाटलं असावं. त्यांनी नोट उलगडली, पेटीत टाकली आणि समईत तेल घातलं.

परत धक्क्यावर आले तर फेरी पलीकडे लागलेली. बरोबर एक मासेवाली, दोन कॉलेजची मुलं, एक माणूस कोंबडीची टोपली घेऊन. कोणीच घाईत नव्हतं, कारण घाई करून काही होणार नव्हतं. सूर्य खाली आला, पाणी आधी तांबडं आणि मग राखाडी झालं. फेरी निघाली, अर्ध्यात आली, एक बार्ज जाऊ द्यायला थांबली, पुन्हा निघाली. मासेवालीने टोपलीवरचं केळीचं पान सारखं केलं.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. आंटी बल्कांवात दिवा लावून बसल्या होत्या. तेलाचं त्यांनी काही विचारलं नाही.

"फेरी मेळ्ळी?" म्हणाल्या, आणि ताट वाढायला उठल्या.